वरचं तापमान

7 मे 2020, गुरुवार, बुद्धपौर्णिमा. पहाटे साडेपाचला बायकोने उठवून मोबाइल हातात दिला. विशाखापट्टणमची दृश्यं होती. चालता चालता रस्त्यात कोसळणारी माणसं, मोटरसायकलवरून नेली जाणारी मुलं, गोठ्याबाहेर आडवी पडलेली गुरं. खालच्या पट्टीत तिथल्या कारखान्यातून गळलेल्या वायूचं नाव आलं आणि मी ताडकन उठून बसलो. स्टायरीन.

मुंबईत माहुलला आमच्या टर्मिनलवरच्या एका टाकीत मार्चपासून 1,200 टन स्टायरीन पडून होतं.

आम्ही रसायनं बनवत नाही, सांभाळतो. पीर पावच्या जेटीला जहाज लागतं, पाइपलाइनने माल टाकीत येतो आणि टँकर भरून तळोजा, भिवंडी, सिल्वासाकडे जातो. माल पार्टीचा, टाकी आमची. पार्टीने लेखी कळवल्याशिवाय त्या मालात आम्ही थेंबभरही काही मिसळू शकत नाही. हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं आणि पुढे जे झालं त्याचं अर्धं कारण यातच आहे.

स्टायरीन म्हणजे थर्माकोल आणि प्लास्टिकचे डबे ज्यापासून बनतात ते द्रव. त्याचे रेणू एकमेकांना धरून साखळी करायला टपलेले असतात. साखळी जुळताना उष्णता सुटते, उष्णतेने साखळ्या आणखी भराभर जुळतात, आणि एका टप्प्यानंतर बाहेरून कितीही थंड केलं तरी ते आवरत नाही. म्हणून त्यात टीबीसी नावाचं रसायन घालतात, दहा लाखांत दहा ते पंधरा भाग, म्हणजे 10 ते 15 पीपीएम. ते साखळी जुळू देत नाही, पण हळूहळू स्वतः खर्च होतं. गरमीत लवकर खर्च होतं. शिवाय त्याला काम करायला द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लागतो.

तर दर आठवड्याला टीबीसी तपासायचा आणि तापमान 25 अंशांखाली ठेवायचं, हा नियम. 25 मार्चला लॉकडाऊन लागला. नमुने तपासणाऱ्या बाहेरच्या लॅबची माणसं वेळेवर येईनात, पार्टीचे कारखाने बंद, टँकर बंद. शेवटचा टीबीसी रिपोर्ट 20 एप्रिलचा, 11 पीपीएम. तापमान मात्र कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर रोज दिसत होतं. 23, 24, कधी 23.5. लॉगशीटवर मी रोज 'नॉर्मल' लिहून सही करत होतो.

चेंबूरहून निघालो तेव्हा रस्ते ओस होते. एरवी त्या दिवशी वस्त्यावस्त्यांतून निळे झेंडे, खीरदान आणि गर्दी असते. आर. सी. मार्गावर पोलिसांनी पास पाहिला आणि सोडलं. डोक्यात एकच हिशेब चालू होता. तिथेही लॉकडाऊनमुळे माल पडून राहिलेला. आमच्याकडे काय वेगळं आहे?

वेगळं फार नव्हतं, हे टाकीवर चढल्यावर कळलं.

स्क्रीनवर दिसणारं तापमान टाकीच्या तळापासून मीटरभर उंचीवर बसवलेल्या एकाच सेन्सरचं होतं. चिलरमधून थंड झालेला माल टाकीत परत येतो तोही तळाच्याच नोझलमधून. थंड द्रव जड, म्हणून तो खालीच राहतो. सेन्सरला 23 दिसतं, चिलर समाधानाने बंद होतो. टँकर भरले जात असतात तेव्हा टाकीतला माल ढवळला जातो आणि हे लपून जातं. माल हललाच नाही, तर खाली थंड थर आणि वर मेच्या उन्हात तापणारा थर, अशी दोन वेगळी दुनिया त्याच टाकीत तयार होते. मी वीस वर्षं या धंद्यात आहे. हे मला समजत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. फक्त विचारलं नव्हतं स्वतःला.

आमचे फील्ड ऑपरेटर काका लॉकडाऊनपासून टर्मिनलमध्येच मुक्कामाला होते. त्यांना घेऊन वर गेलो. स्टायरीनची वाफ साधारण 31 अंशांना पेट घेण्याजोगी होते, तेव्हा डिप हॅच, म्हणजे नमुना घ्यायचं माथ्यावरचं झाकण, उघडणं साधं काम नव्हतं. मोबाइल खाली ठेवले, हातात गॅस डिटेक्टर, पितळी बाटली, आणि सुती दोरी. नायलॉनच्या दोरीवर स्थिर वीज साठते, म्हणून सुतीच. काकांनी दोरीवर दर मीटरला गाठी मारलेल्या. त्या गाठी मोजत बाटली सोडण्याचा त्यांचा हात मी कुठल्याच इंजिनिअरकडे पाहिलेला नाही. प्रत्येक थरावर झटका देऊन बूच काढायचं, बाटली भरेपर्यंत थांबायचं, थर्मामीटर हलू न देता वर आणायचा.

तळ 23. मध्य 28. वर 34.

काकांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

आमच्या केमिस्टला गोवंडीहून कंपनीच्या गाडीने आणलं. तिने आधी मिथेनॉलची चाचणी केली. स्टायरीनमध्ये पॉलिमर झालं असेल तर मिथेनॉल घातल्यावर ते गढूळ दिसतं. वरच्या नमुन्यात अगदी पुसट धूसरपणा होता. मग कॉस्टिक सोडा घालून टीबीसी पाहिला, त्यात रंग जितका गडद तितका टीबीसी जास्त. तळाचा नमुना 9 पीपीएम. वरचा 5.

स्पष्ट सांगतो, 34 अंश आणि 5 पीपीएम म्हणजे त्या रात्री स्फोट होणार होता असं नाही. काही दिवस हाती होते, कदाचित काही आठवडे. पण किती, हे कुणीच सांगू शकलं नसतं, आणि टाकीपासून माहुलच्या इमारतींपर्यंतचं अंतर मला तेव्हा पावलांत दिसत होतं. ही वाफ हवेपेक्षा साडेतीनपट जड, जमिनीलगत सरकणारी.

पार्टीच्या साहेबांना फोन केला. "मेल टाका, टेक्निकलला विचारून सांगतो," म्हणाले. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर असेल. मी दुपारी बारापर्यंत वाट पाहिली. मग आमच्या टर्मिनल मॅनेजरांना म्हटलं, टीबीसी मी घालतोय, सही माझी घ्या. ते म्हणाले, माझीही घ्या. एवढ्या वर्षांत त्यांच्याबद्दल माझं फार चांगलं मत नव्हतं. त्या दिवशी बदललं.

हिशेब सोपा होता. 5 वरून 15 वर न्यायला टनामागे 10 ग्रॅम, म्हणजे 12 किलो शुद्ध टीबीसी. आमच्याकडचं द्रावण 85 टक्क्यांचं, म्हणजे साधारण 14 किलो. खालच्या थरात 9 होता, पण मी सगळ्या टाकीसाठी 5 च धरला. टीबीसी कातडीवर पडलं तर भाजतं आणि नंतर पांढरे डाग राहतात, म्हणून काकांना रबरी सूट चढवायला लावला. त्या उकाड्यात ते एक शब्द बोलले नाहीत. ड्रममध्ये आधी स्टायरीनमध्ये पातळ करून पंप माल ओढतो त्या तोंडाला सोडलं, आणि परतीची लाइन तळाऐवजी वरच्या नोझलला जोडून घेतली. ताशी 60 घनमीटरने अख्खी टाकी एकदा फिरायला बावीस तास.

मधेच एका तरुण इंजिनिअरने सुचवलं, सर, वरून नायट्रोजन भरूया का, आगीची भीती जाईल. पोरगा हुशार, हेतू चांगला. पण नायट्रोजन भरला की द्रवातला ऑक्सिजन जातो आणि ऑक्सिजन गेला की टीबीसी मेल्यासारखा. इतर दहा टाक्यांना जे वाचवतं तेच इथे घात करतं. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये त्याला सांगितलं नव्हतं, त्यात त्याचा दोष नाही.

पार्टीची संमती संध्याकाळी सहाला आली. विशाखापट्टणमच्या मृतांचा आकडा तोवर वाढत होता. पुढे तो बारावर गेला.

घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांप्रमाणे आमचा ऑन-साइट आपत्कालीन आराखडा आहे, जाडजूड. होज फुटली, टाकीला आग, वीज पडली, टँकर उलटला, सगळ्याची पानं आहेत, दर सहा महिन्यांनी ड्रिल होतं. पण त्यात प्रत्येक पानावर काहीतरी घडतं. टाकी तशीच पडून राहिली, कुणी आलं नाही, काहीच झालं नाही, तर काय, याचं पान नव्हतं. त्याच आठवड्यात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बंद कारखाने पुन्हा सुरू करण्याबद्दल सूचना काढल्या. जुलैत विशाखापट्टणमच्या चौकशी समितीचा अहवाल आला. त्यात तापमान फक्त टाकीच्या खालच्या भागात मोजलं जात होतं हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

9 मेला तिन्ही थरांत 14 पीपीएमच्या वर, तापमान 24. घटना शून्य, म्हणून नोंदही शून्य. मॅनेजरांनी तरीही मुख्यालयाला लिहिलं. आता त्या टाकीला तीन उंचींवर सेन्सर आहेत.

एक गोष्ट राहते. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून आम्ही सगळ्या टाक्यांचे माथे तपासले. या टाकीचा व्हेंट, म्हणजे वाफ बाहेर जायची वाट, उघडला. वाफेत टीबीसी नसतो, त्यामुळे वाफ छताला थंड होऊन तिचे थेंब होतात तिथे पॉलिमर धरतं. बाहेरची आग आत शिरू न देणारी फ्लेम अरेस्टरची जाळी जवळजवळ अर्धी बुजलेली होती, मेणासारख्या पांढऱ्या थराने. टाकी आतून तापली असती तर वाफेला बाहेर पडायला तेवढीच वाट होती. 7 मेच्या सगळ्या धावपळीत मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

अरेस्टर तपासायची तारीख रजिस्टरमध्ये आहे, 28 मार्च. पुढे 'लॉकडाऊनमुळे स्थगित' असा शेरा. शेऱ्याखालची सही माझी आहे.