घरची बाग सोडून तिकडं काय करतोस?

मेअखेरीस गावी आलो की तीन-चार लग्नं ठरलेली असतात आणि प्रत्येक मांडवात हा प्रश्नही ठरलेला असतो: "घरची द्राक्षं सोडून तिकडं परक्याच्या बागेत काय करतोस?" मामांनी विचारला, शाळेतल्या मित्रांनी विचारला, गेल्या वर्षी तर वाढप्यानं जिलेबी वाढता वाढता विचारला. मी दरवेळी "चाललंय" म्हणून ताटात बघतो. तुम्ही विचारलंत म्हणून यावेळी नीट सांगतो, म्हणजे पुढच्या लग्नात जेवता तरी येईल.

आधी किरकोळ गोष्टी उरकतो. मी ज्यूसच्या कंपनीत नाही. ते आईचं म्हणणं आहे, आणि पंधरा वर्षं तेच सांगून सांगून आता तिलाही ते खरं वाटायला लागलंय. मी वाईन करतो. बाग मी विकलेली नाही. माझ्या नावावर विकायला काही नव्हतंच. आणि तिकडं म्हणजे अमेरिका नव्हे, अर्जेंटिना. मेंदोसा प्रांतात तुपुंगातोजवळ ग्वालतायारी म्हणून भाग आहे, तिथं १,४०० मीटरवर आमची बाग. आपलं कळसूबाईचं टोक १,६४६. त्याआधी साल्ता प्रांतात कफायातेला दोन हंगाम काढले, ते गाव तर कळसूबाईच्या टोकाहून जरा वरच. त्याच खोऱ्यांत आणखी वर, ३,१११ मीटरवर, मालबेक ही तांबड्या वाईनची द्राक्षं लावलीत. बघायला गेलो तेव्हा चार पायऱ्यांत मला धाप लागली. वेली मजेत होत्या.

मग "एवढ्या उंचावर कशाला?" हा पोटप्रश्न येतो. दर शंभर मीटरला हवा अर्ध्या अंशाहून थोडी जास्तच उतरते. दिवसा ऊन असं कडक की मण्याची साल जाड होते, रंग धरते. रात्री मात्र स्वेटर लागतो. आपल्याकडं ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, चढायला लागला की आंबटाई पळते, उकाड्यात वेलच ती खाऊन टाकते. तिकडं रात्रीच्या गारठ्यात ती मण्यात टिकून राहते. साखर आणि आंबटाई दोन्ही एकाच दिवशी जागेवर असली की वाईन करणाऱ्याला पुढं फारशी अक्कल लावावी लागत नाही. पाऊस वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास. पाणी अँडीजच्या बर्फाचं, पाटानं पाळीपाळीनं येतं, शेततळ्यात साठवायचं आणि ड्रिपनं सोडायचं. पाळीवरून भांडणंही होतात. त्या बाबतीत घरची आठवण येत नाही.

हे सगळं मी बागेत आलेल्या पाहुण्यांना सांगतो तसं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या घरात डाऊनी आणि भुरी या द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगांचे दोनच विषय असायचे. ढग दाटले की आप्पा रात्री अकरालाही ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायचे. जेवताना हाताला औषधाचा वास, शाळेच्या शर्टाला तोच वास. जिथं पाऊस पडत नाही अशा जागी द्राक्षं करायची, हे मी बारावीतच ठरवलं होतं. पळून गेलो म्हणायचं असेल तर म्हणा. मी पावसाला भिऊन पळालो, घराला कंटाळून नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा जाताना विमानात पाठ केलं होतं. आत्ता लिहिताना ते तितकंसं पटत नाही.

आणि पाऊस नसलेल्या मुलखात काय होतं, तेही सांगतो.

३१ ऑक्टोबर २०२२. तुमची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. तिकडं वसंत. छाटणी ऑगस्टमधली, फुटवे वीतभर, त्यांवर मोहरीएवढ्या कळ्यांचे घड दिसायला लागलेले.

आमचा मुकादम साठीचा. त्याचा बाप आणि आजा त्याच खोऱ्यात खपले. मला तो "इन्खे" म्हणतो. इंजिनिअरचं ते लाडकं रूप, त्यात आदर किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेलं नाही. सप्टेंबर संपताना तो म्हणाला, खालच्या तुकड्यातलं गवत कापून घेऊ. ओळींच्या मधे मी मुद्दाम ओट आणि क्लोव्हर पेरलं होतं, ते गुडघ्याला लागत होतं. माती धरून ठेवतं, सेंद्रिय कर्ब वाढतो, मित्रकिडींना आसरा मिळतो. शिवाय मालकाचे पाहुणे त्या गवतात उभे राहून फोटो काढायचे आणि मला ते आवडायचं. मी म्हणालो, नोव्हेंबरात कापू.

ऑक्टोबरच्या मध्यावर तो पुन्हा आला. या वेळी कारणही सांगितलं. उघडी, ओली माती दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब सोडते. वर गवत असलं तर ऊब खालीच अडकते आणि गारठा गवताच्या शेंड्यांवर, बरोबर फुटव्यांच्या उंचीवर, बसतो. थंड हवा पाण्यासारखी उताराला वाहते आणि खालचा तुकडा म्हणजे तिचं डबकं. मला यातलं काहीच नवीन नव्हतं. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. २८ तारखेला तो तिसऱ्यांदा आला तेव्हा बोलला नाही. गवत कापायचं यंत्र ट्रॅक्टरला जोडून शेडबाहेर आणून उभं केलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात बघू."

रविवारी रात्री आम्ही खालच्या तुकड्यात जळणाचे डबे मांडले आणि दोन वाजता पेटवायला घेतले. मला आप्पांच्या शेकोट्या आठवत होत्या. पारा चार-पाचावर आला की निफाडचं नाव पेपरात येतं आणि मणी तडकू नयेत म्हणून आप्पा पहाटे बागेत धूर करून ड्रिप सोडायचे. मी त्यांच्या मागं पाचट ओढत फिरलेला पोरगा. थंडी मला शिकवू नका, अशा ताठ्यात होतो. पण त्या रात्री वारा होता. डब्यांची ऊब वेलींवर ठरतच नव्हती, तिरकी पळून जात होती. पाच वाजता थर्मामीटरवर उणे साडेतीन होतं.

उजाडलं तेव्हा सगळं छान दिसत होतं. हे आधी कुणी सांगत नाही. फुटवे ताठ, हिरवेगार, फक्त जरा काचेसारखे, आत पाणी भरल्यासारखे. एक पान बोटांत धरलं तर पापडासारखं मोडलं. मग ऊन आलं. नऊला पानं मलूल झाली. दहाला ती उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकासारखी काळपट होऊन लोंबायला लागली आणि बागभर शिजलेल्या पालेभाजीचा वास सुटला. दुपारी सगळ्याला चहाच्या चोथ्याचा रंग आला होता. अकरा एकर. मुकादम ओळींतून चालत होता; दहा वेली सोडून एक घड चिमटीत धरायचा, चिरडायचा, बोट पँटला पुसायचा. शेवटी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. माते म्हणजे तिकडचं चहासारखं पेय, त्याचा कप भरून माझ्या हातात दिला. बोलला काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजानं जाग आली. तो गवत कापत होता. वरपासून खालपर्यंत, सगळं, मला न विचारता.

त्यावर माझं माझ्याशीच भांडण आहे. तेव्हाचा मी म्हणतो, बाबा रे, त्या पहाटे मेंदोसात कितीतरी बागा जळाल्या, गवत कापलेल्या शेजाऱ्याचीही जळाली. अर्जेंटिनाचं २०२३ चं द्राक्षपीक कित्येक दशकांतलं सगळ्यात कमी निघालं, ते काय तुझ्या ओटामुळं? आणि वारा असताना उघड्या मातीचा असा काय उपयोग होणार होता? आत्ताचा मी म्हणतो, असेल अर्ध्याच अंशाचा फरक, पण फुटवा अर्ध्या अंशावरच जगतो किंवा मरतो. रस्त्याकडेच्या चार ओळींत ट्रॅक्टर वळतो म्हणून गवत नव्हतं, तिथले निम्मे फुटवे वाचले, ते कसे? तेव्हाचा म्हणतो, तिथं पॉपलरच्या झाडांची रांग आहे, वारा अडला. मी म्हणतो, असेल. मग दोघंही गप्प.

दुसऱ्या डोळ्यांतून फुटवे आले, घड नावाला. मार्चमध्ये तोडणीची टोळी आली, त्यातली बरीच माणसं बोलिव्हियाची. तिकडं साधारण वीस किलोच्या डब्यामागं एक बिल्ला मिळतो, त्याला फिचा म्हणतात, आणि बिल्ले मोजून पैसे. एक बाई खालच्या तुकड्यात तीन ओळी फिरली तरी तिचा डबा अर्धाच भरला. तिनं तो माझ्यासमोर ठेवला, कात्री कमरेला खोचली आणि शेजारच्या बागेकडं चालायला लागली. मला मालक एका शब्दानं बोलला नव्हता. पगारही पुरा मिळाला होता.

आता तुमचा खरा प्रश्न. तो मला कळतो, तोंडावर कुणी विचारत नाही इतकंच. २०२३ च्या नोव्हेंबरात गारांनी झोडपलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये भावानं बाग तोडली, तेव्हा तू कुठं होतास?

टाक्यांजवळ होतो. एप्रिल म्हणजे उंचावरच्या बागांचा हंगाम, टाक्या आंबत असतात, मी तिथंच खाट टाकून झोपतो. भावानं व्हिडिओ कॉल लावला. जेसीबी वेलींच्या मांडवाचे लोखंडी अँगल उपटत होता. भाऊ काही न बोलता नुसता कॅमेरा फिरवत होता आणि मागं बांधावर बसून आप्पा तारेची वेटोळी करत होते, एकावर एक, अगदी नीट. ती भंगारात वजनावर जाणार होती. मी म्हणालो, "पंप लावायचाय, नंतर करतो." पंप लावायचा होता हे खरं आहे. आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात, खालचा रस उपसून त्यावर ओतावा लागतो, दिवसातून दोन-तीनदा. दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही बिघडलं नसतं, हेही खरं आहे.

मी गावात असतो म्हणून गारा थांबल्या नसत्या. गारा मेंदोसातही पडतात. म्हणून तिथं ओळीच्या ओळी काळ्या जाळीखाली असतात. भावाला मी त्या जाळीचे फोटो पाठवले होते. त्यानं एकरी खर्च विचारला, मी सांगितला, त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. एका एकराच्या जाळीचे पैसे मी पाठवू शकलो असतो. पाठवले नाहीत. हे मात्र मला कुठल्याच लग्नात कुणी विचारलेलं नाही.

सध्या खालच्या तुकड्याचं निम्मं गवत मी सप्टेंबरातच कापायला सांगतो आणि निम्मं ठेवतो. मालकाला सांगितलंय, प्रयोग आहे. आमच्या बागेत तसा गारठा पुन्हा आलेला नाही, त्यामुळं प्रयोगाचा निकालही नाही. मुकादमाला विचारलं, यंदा सगळंच कापूया का? तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तसं, इन्खे."

तर परत कधी येणार, एवढंच उरलं. माहीत नाही. एक करा, फोन करत राहा. तुमच्याकडं सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा माझ्याकडं पहाटेचे दोन असतात. एरवी मी त्यासाठी तुम्हाला शिव्या घालतो. ऑक्टोबरात मात्र खुशाल करा, मी थर्मामीटर बघत जागाच असतो.