कुलूप ग्रामसभेला लागलं होतं

गेल्या चार-पाच वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात, स्पर्धा परीक्षा देणारी भाचरं विचारतात, आणि परवा नव्याने रुजू झालेल्या एका ग्रामसेविकेनेही विचारलं, "मॅडम, लॉकडाऊनमध्ये सगळंच बंद होतं, मग ग्रामपंचायत कशी चालवलीत तुम्ही?" चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं तिला सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते.

मी तेव्हा दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातल्या एका गावात ग्रामसेविका होते. डोंगरउतारावर विखुरलेल्या सात वाड्या, एकीतून दुसरीत जायला पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा. कर्मचारी चारच: एक शिपाई, दोन पाणी सोडणारे आणि एक संगणक परिचालक. मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात सरकारी कार्यालयांत पाच टक्के उपस्थितीचा आदेश निघाला. मोठ्या कचेऱ्यांना तो लागू करणं शक्य होतं. आमच्या चौघांपैकी मी घरी कोणाला बसवणार होते? शिपाई नसेल तर वाड्यांपर्यंत निरोप पोचत नाही, आणि पाणीवाला नसेल तर सात वाड्यांचे हंडे रिकामे.

म्हणजे माझं पहिलं उत्तर पाणी हेच आहे. आमची योजना साधी होती. नदीकाठी विहीर, तिथून पंपाने पाणी डोंगरावरच्या टाकीत, आणि टाकीतून एक दिवसाआड वाडीवाडीला. आमचा पाणीवाला पहाटे साडेचारला उठून व्हॉल्व्ह फिरवायला निघायचा. टाकीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकायची म्हणजे नुसती ओतायची नसते. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची आणि अर्धा तास थांबायचं. मग शेवटच्या घरच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाचे, थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन तिथवर पोचलं. हे तो कोरोनाच्या आधीही करत होता. पण त्या उन्हाळ्यात मला त्याची किंमत नव्याने कळली. गावात गॅस्ट्रोची साथ आली असती, तर आमच्या माणसांना झोपवायला कुठल्या दवाखान्यात खाट मिळाली असती?

लॉकडाऊनच्या पहिल्याच आठवड्यात त्याला नाक्यावर अडवलं. तो टीसीएलची गोणी आणायला निघाला होता. अंगावर गणवेश नाही, खिशात ओळखपत्र नाही. आपलं ओळखपत्र नाही हे वीस वर्षं पाणी सोडणाऱ्या माणसाच्याही लक्षात आलं नव्हतं आणि आमच्याही. मी त्या दुपारी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर हाताने लिहून दिलं, 'हे अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी आहेत', खाली सही, गोल शिक्का. तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पुढे वर्षभर वापरला. घडीवर फाटला तेव्हा मी दुसरा लिहून द्यायला निघाले, तर म्हणाला, "नको मॅडम, हाच असू दे, याला सगळे वळकतात."

घरपट्टी, पाणीपट्टीची वसुली मात्र थांबली. आमच्याकडे वसुली होते ती शिमग्याला आणि गणपतीत, चाकरमानी गावी आले की. शिमगा जेमतेम उरकला होता. चाकरमानी आले ते मे महिन्यात, पण धास्तावलेले, हातावर क्वारंटाइनचा शिक्का घेऊन. कशेडी घाटात तपासणी, पासांच्या रांगा, लहान पोरं गाडीत झोपलेली. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसं कोंडून राहिलेली होती. त्यांना गाव हवं होतं आणि गावाला त्यांची भीती वाटत होती. दोघांचंही मला पटत होतं.

ग्रामकृती दल नेमायचे आदेश होते. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, मी, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, शिवाय प्रत्येक वाडीचे दोन-तीन जण. कोण कधी आला, कुठे ठेवला, ताप आहे का, हे सगळं लिहायचं काम या दलाचं. आशाताईंनी ते ज्या निगुतीने केलं त्याला तोड नाही. पाखाडी चढून जायच्या, अंगणाच्या कडेला उभं राहून विचारायच्या आणि वहीत नोंदवायच्या. त्याच सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा पुन्हा घरोघर त्याच गेल्या, या वेळी ऑक्सिमीटर घेऊन.

पण याच कृती दलाच्या बैठकीत एका संध्याकाळी प्रस्ताव आला की न सांगता गावात येणाऱ्या चाकरमान्याला पाच हजार दंड करायचा आणि चौदा दिवस त्याच्या घरच्यांना विहिरीवर येऊ द्यायचं नाही. ठराव लिहा म्हणाले. मी लिहिला नाही. हे बेकायदेशीर आहे, दंड करायचा अधिकार दलाला नाही आणि पाणी तोडायचा तर कोणालाच नाही, एवढं बोलून मी प्रोसिडिंग बुक मिटलं. चार दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. नंतर त्या घरांना पाणी कसं द्यायचं ते आमच्या पाणीवाल्यानेच सुचवलं. त्यांचे हंडे अंगणात ठेवायचे आणि तो पाइप लावून भरून देणार. तसंच झालं.

त्यानंतर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं.

शाळेत तेव्हा अकरा माणसं विलगीकरणात होती. आदल्या दिवशी आदेश आला, कच्च्या घरातल्यांना हलवा. शाळेची कौलं जुनी, म्हणजे या अकरांनाही हलवायला हवं होतं. पण त्यांना घेणार कोण? देवळाच्या सभामंडपात आधीच वाडीतली माणसं गोळा झालेली, अंगणवाडीची खोली लहान. गावात स्लॅबची मोकळी इमारत एकच होती, ग्रामपंचायत. सकाळी आठला मी कार्यालयाचं कुलूप काढलं आणि त्यांना आत घेतलं. दुपारी वारा सुटला तेव्हा मी बाहेरच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत होते, आणि ती माणसं आत, नमुना आठच्या, म्हणजे घरपट्टीच्या नोंदींच्या, रजिस्टरांच्या कपाटाला पाठ टेकून बसलेली. एक बाई पोराला छातीशी धरून सतत काहीतरी पुटपुटत होती. बाहेर माडांचे शेंडे पिरगळून तुटताना मी पाहिले. पोफळी काड्यांसारख्या मोडत होत्या. चार वाजता बाहेर आलो तेव्हा शाळेला छप्पर नव्हतं.

लॉकडाऊनमधली ग्रामपंचायत कशी चालली, असं कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिलं ते दृश्य येतं.

आमच्या वाड्यांना वीज यायला महिना लागला. मोबाइलला रेंज नाही, पंप बंद. ज्या जुन्या बावी (विहिरी) नळयोजना आल्यापासून वापरात नव्हत्या त्या उपसल्या, टीसीएल टाकली, आणि टाकी भरायला भाड्याचा जनरेटर लावला. डिझेलची पावती मी आधी स्वतःच्या पैशाने फाडली, मंजुरी मागून घेतली. संगणक बंद म्हणून दाखले हाताने लिहिले. तलाठी, कृषी सहायक आणि मी, तिघं मिळून पंचनाम्यांना जात होतो, तोंडाला मास्क आणि वरून पाऊस. सरकारने बागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. पण आमच्याकडे हेक्टरात वाडी कोणाची असते? पाच गुंठ्यांत माड-पोफळी लावून पिढ्या जगलेल्या माणसाच्या हाती त्या हिशेबाने अडीच हजार येतात. तो आकडा अंगणात उभं राहून सांगताना मला मान वर करवत नव्हती.

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने पत्र्यांचा ट्रक पाठवला. पत्रे कमी, उघडी घरं जास्त. यादी करायची होती आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. मी आणि कृती दलाने नमुना आठवरून एका रात्रीत यादी केली, मेणबत्तीच्या उजेडात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पत्रे वाटून झाले. त्या वेळी मला वाटलं होतं, काम चोख झालं.

ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीची मुदत संपली. निवडणुका साथीमुळे पुढे गेलेल्या, आणि राज्यघटनेच्या २४३-ई कलमात पाच वर्षं म्हणजे पाचच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही. त्या वर्षी राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची हीच गत होती. प्रशासक कोण असावा यावरून वाद झाला. जुलैच्या शासन निर्णयाने गावातल्या खाजगी व्यक्तीला नेमायची वाट उघडली होती, त्यावर लोक उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी कारभार सरकारी माणसांकडे आला. आम्हाला प्रशासक म्हणून पंचायत समितीचे विस्तार अधिकारी मिळाले. माणूस सज्जन, पण त्यांच्याकडे आमच्यासारखी आणखी गावं होती. त्यांची डिजिटल सही (डीएससी) तयार होऊन बँकेत जोडली जाईपर्यंत पंधराव्या वित्त आयोगाचा एक रुपया खात्यातून हलला नाही. पाणीवाल्यांचे पगार थकले. तरी ते पहाटे साडेचारला उठतच होते.

आमच्या सरपंचबाईंचं मात्र सांगायलाच हवं. मुदत संपली त्या रात्री त्यांचा फोन आला, "मॅडम, खालच्या वाडीत एक ताप आहे, आशाताईला पाठवलंय." पद नव्हतं, सहीचा अधिकार नव्हता, मानधन नव्हतं. गणपतीला चाकरमानी आले, दहा दिवसांचं विलगीकरण ठरलं, तेव्हा घरोघर जाऊन समजूत काढणाऱ्या त्याच होत्या. कागदावर त्या काळात गावाला सरपंच नाही. मला हा कागद खोटा वाटतो.

आणि कागदाचं निघालंच आहे तर आणखी एक. जन्म-मृत्यूची नोंद मृत्यू जिथे होतो तिथल्या रजिस्टरमध्ये होते. २०२१च्या दुसऱ्या लाटेत आमची जी माणसं गेली ती शहरातल्या रुग्णालयांत गेली. त्यांच्या नोंदी तिथल्या, अंत्यसंस्कारही तिथलेच. निबंधक म्हणून गावाचं मृत्यूचं रजिस्टर माझ्या हातात होतं आणि त्यात ती नावं नाहीत. उद्या कोणी ते रजिस्टर उघडून आमच्या गावात कोरोनाने कोण गेलं ते शोधेल, तर त्याला कोणी सापडणार नाही. मी वेगळ्या वहीत नावं लिहून ठेवली. त्या वहीला कुठला नमुना नंबर नाही.

आता त्या नव्या ग्रामसेविकेने विचारलेला दुसरा प्रश्न. तिने विचारलं, "मग बंद काय झालं?" बंद झाली ती ग्रामसभा. मे २०२०मध्ये आदेश आला, पुढील सूचनेपर्यंत ग्रामसभा घेऊ नयेत. गर्दी टाळायची होती, आदेश योग्यच होता, मी स्वतः घेतली नसती. पण ग्रामसभा म्हणजे गर्दी एवढंच नसतं. वर्षातून किमान चारदा गावातला कोणीही उठून विचारू शकतो, हा पैसा कुठे गेला, माझं नाव का नाही. ते थांबलं. कृती दलाने ठरवलं, प्रशासकांनी सही केली, मी अंमल केला. काम भराभर होत होतं, आणि त्याची आम्हाला सवय लागत चालली होती. बैठकीत एकाने बोलूनही दाखवलं, "ग्रामसभा नाय तर कामं कशी झटपट होतात." तेव्हा मीही मान हलवली होती. आज ते आठवलं की टोचतं.

१५ जानेवारी २०२१ला मतदान झालं, १८ला मतमोजणी, फेब्रुवारीत नवे सरपंच बसले. ग्रामसभेची बंदी उठल्यावर पहिली सभा आम्ही शाळेच्या पटांगणात घेतली, नव्या छपराखाली नव्हे, बाहेर, खुर्च्या लांब लांब मांडून. मी मागच्या वर्षाचा जमाखर्च वाचायला घेतला. दोन पानं झाली असतील, मागून खालच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या काकू उठल्या.

"ते ऱ्हाऊ दे. माज्या घराला पत्रे का नाय दिले, ते आदी सांगा."

मी पत्र्यांची यादी काढली. त्यांच्या घराचा नंबर शोधला. नमुना आठला ते घर त्यांच्या मुंबईतल्या मुलाच्या नावावर होतं, आणि त्यापुढे आम्ही त्या रात्री लिहिलं होतं, 'घर बंद'. मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"बंद कुठचं?" पटांगणाच्या तीन कोपऱ्यांतून माणसं एकदम बोलली. "त्या तिथेच तर ऱ्हातात!"

काकूंनी तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला होता. मी त्यांची माफी मागितली, माइकवर, आणि त्यांच्या छपराचा ठराव त्या सभेचा पहिला ठराव म्हणून लिहून घेतला. सूचक म्हणून कोणाचं नाव घालू, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माजंच घाला."