डुरियन जरा थांबू दे

जून ते ऑगस्ट या दिवसांत ऊन कललं की क्वालालंपूरच्या आसपास रस्त्याकडेला फळांच्या गाड्या लागतात. एका सत्रापुरता शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी तिथे हमखास दिसतो. मित्रांनी त्याला घेरलेलं असतं, समोर फोडलेला डुरियन, म्हणजे उग्र वासाचं काटेरी फळ, आणि चार मोबाइल त्याच्या तोंडाकडे रोखलेले. आता हा नाक मुरडणार आणि सगळे खिदळणार. हा प्रकार मला मुळीच आवडत नाही. पाहुणा दारात आला नाही तोच त्याला तोंडी परीक्षेला उभं करायचं, यात कसली गंमत?

आपल्याकडच्या मुलाने तर सुरुवात मँगोस्टीन या जांभळ्या सालीच्या फळापासूनच करावी. मलय लोक त्याला मांगीस म्हणतात. आपला रातांबा आणि हे मँगोस्टीन, दोघेही गार्सिनिया घराण्यातले, म्हणजे सख्खे नसले तरी चुलत भाऊ. फळ घेताना अंगठ्याने हलकं दाबून बघावं. साल थोडी दबली पाहिजे. दगडासारखं टणक लागलं तर ते शिळं, नाहीतर आपटलेलं. मार बसलेल्या जागी साल घट्ट होते आणि आतला गर बिघडतो. देठाकडच्या पाकळ्या हिरव्या असाव्यात. फळ उलटं केलं की बुडाशी छोटं फूल कोरल्यासारखं दिसतं. त्याच्या पाकळ्या मोजाव्यात, आत फोडी तेवढ्याच निघतात. ज्याच्या पाकळ्या जास्त त्याच्या फोडी लहान, आणि लहान फोडींत बी बहुधा नसते. जाणकार गिऱ्हाईक म्हणूनच फळ उलटं करून निवडतं.

सुरी नको. दोन तळव्यांमध्ये धरून दाबलं की साल मधोमध तडकते, वरची टोपी अलगद निघते. सुरी चालवलीच तर ती खोल जाते, सालीचा तुरट जांभळा रस पांढऱ्या गरावर उतरतो आणि चव गेलीच. गरावर पिवळा डिंक दिसला तर ती फोड सोडून द्यावी, कडू लागते. आणि सालीचा डाग कपड्यावरून जात नाही. काही हॉटेलं डुरियनबरोबर मँगोस्टीनलाही खोलीत मज्जाव करतात तो चादरींपायी. रातांबे फोडायला बसताना जुनं लुगडं नेसणाऱ्या कोकणातल्या आज्यांना हे वेगळं सांगायला नको.

याच घराण्यातला तिसरा भाऊ वाण्याच्या दुकानात भेटतो: आसाम गलुगोर. (मलयमध्ये आसाम म्हणजे आंबट, आपल्या आसामशी संबंध नाही.) त्याच्या चकत्या करून उन्हात वाळवतात आणि मलाक्का-जोहोरकडच्या आसाम पडास या तिखट-आंबट माशाच्या कालवणात टाकतात. आमसुलासारखं त्याला मीठ-रसाचं पुट चढवलेलं नसतं, त्यामुळे मीठ वेगळं घालावं लागतं. अर्धा किलो माशाला दोन-तीन चकत्या पुरतात. आंबटपणा हवा तेवढा उतरला की चकत्या काढून टाकायच्या. विसरल्या तर दुसऱ्या दिवशी ते कालवण तोंडात धरवत नाही. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात आमसुलं संपली की या चकत्यांवर आमटी खुशाल निभावते.

गाडीवर वागायचं कसं, तेही तिथेच उभं राहून कळतं. विकणारी मलय बाई वयाने मोठी असली तर ‘माक चिक’, पुरुष असला तर ‘पाक चिक’. चिनी विक्रेत्याला सरळ अंकल, आंटी. फळाकडे तर्जनी रोखायची नाही. बोटं मुडपून उजव्या हाताच्या अंगठ्याने दाखवायचं. पैसे देताना-घेताना उजवा हात पुढे, आणि डावा हवा तर त्या हाताला टेकवलेला. कुणाच्या घरी गेल्यावर चपला बाहेर काढणं आपल्याला शिकवावं लागत नाही. समोर आलेलं खाणं नको असेल तर नुसती मान हलवू नये. ताटलीला उजव्या हाताने हलका स्पर्श करून नको म्हणावं. त्याहून बरं म्हणजे थोडंसं तोंडात टाकावं.

लांगसात गुच्छात येतं, लहान बटाट्यांसारखं दिसतं. अगदी पिवळंधमक, डागविरहित फळ घेऊन लोक फसतात. साल थोडी तपकिरी पडू लागलेली असेल तर ते गोड. टोकाशी चिमटलं की उघडतं, पण कच्च्या फळाला चीक फार. दुकू त्याच जातीचा, जाड सालीचा. त्याला चीक जवळजवळ नाहीच. दोन्हींच्या पाच फोडींपैकी एखाद-दुसरीत हिरवी बी असते, ती जहर कडू. ती चावली जातेच. सगळ्यांच्याच जाते. साली मात्र फेकत नाहीत. खेड्यांत त्या वाळवून डास पळवायला जाळतात.

चेंपेडाक म्हणजे फणसाचा धाकटा भाऊबंद, वासाने थोरला. चाकूला आणि हाताला तेल लावायचं, हे आपल्याला माहीतच आहे. तयार फळाची साल उभी चिरून फाकवली की सगळे गरे मधल्या दांड्याला लगडलेले एकदमच बाहेर येतात. तांदळाच्या पिठात थोडा मैदा, मीठ, चिमूटभर हळद घालून गरे आठळीसकट तळतात. आच मध्यम हवी. घाईने मोठी केली तर वरून तांबूस झालेलं भजं आतून करकरीत कच्चं राहतं, आणि निम्मी मजा तर आठळीतच.

आता डुरियन. मलेशियात तो झाडावरून काढत नाहीत, आपसूक पडू देतात, बहुतेक रात्री. म्हणून तिथला डुरियन एका दिवसाचा राजा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कवच उकलू लागतं आणि गर आंबतो. वजन काट्यांसकट होतं: दोन किलोच्या फळातून गर अर्धा-पाऊण किलो. हलवून बघावा, आत बी किंचित खुळखुळली तर तयार. विक्रेता कवचाला त्रिकोणी चीर देऊन गर दाखवतो. पाणचट वाटला तर दुसरा मागायला लाजू नये. बुडाशी पाच शिवणी जिथे मिळतात तिथे सुरीचं टोक खुपसून पिळायचं. जिथे घेतला तिथेच खायचा, कारण रेल्वेत आणि हॉटेलात त्याला बंदी. उरलाच, तर एक किलो गराला चहाचे चार-पाच चमचे मीठ आणि दोन-चार लवंगी मिरच्या घालून, वर जागा सोडून बरणी झाकायची. काठोकाठ भरली तर उतू जाते. चार-पाच दिवसांत आंबट तेंपोयाक तयार होतं. पाहांग राज्यात ते पातीन माशाच्या कालवणात घालतात.

डुरियनमध्ये भाव मुसांग किंगला. ही जात सरकारदरबारी 1993 मध्ये डी 197 म्हणून नोंदली गेली. बिनानावाचा, बीपासून उगवलेला, प्रत्येक झाडागणिक वेगळ्या चवीचा गावठी डुरियन त्याच्या पुढे मागे पडतोय. जुनी उंच झाडं छाटून त्यांवर मुसांग किंगची कलमं बांधतात. चीनची मागणी मोठी आहे, शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण कलम कुठलंही बांधलं तरी डुरियनचं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याचे पराग रात्री वटवाघळं नेतात. त्यातली पुष्कळशी चुनखडीच्या गुहांत राहतात. त्या टेकड्या सिमेंटसाठी फोडल्या जात आहेत, आणि काही बागांत फुलांची नासधूस करतात असं समजून याच प्राण्यांवर बंदूक चालते.