ऑल्नीचा कवी आणि त्याचे तीन ससे

इंग्लंडमधल्या ऑल्नीला आता रेल्वे नाही, मिल्टन कीन्सहून बस धरावी लागते. गावाचं नाव मला विल्यम कॅरीमुळे ठाऊक होतं. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणाऱ्या कॅरीला धर्मसेवेवर पाठवलं ते इथल्याच बॅप्टिस्ट मंडळीने. मी मात्र आले होते अठराव्या शतकातला इंग्रजी कवी विल्यम कूपर याच्या घरी. मार्केट प्लेसवरचं लाल विटांचं उंच घर, आता संग्रहालय.

कूपर इथे १७६८ ते १७८६ राहिला. शेजारी जॉन न्यूटन, एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान, आता पाळक. दोघांच्या स्तोत्रांचं पुस्तक १७७९ साली निघालं. ३४८ स्तोत्रांपैकी साठाहून अधिक कूपरची, आणि त्यातली काही आजही गायली जातात.

पण पुस्तक निघण्याच्या सहा वर्षं आधी, १७७३ च्या जानेवारीत, तो पार कोसळला होता. पुढच्या महिन्यात स्वप्नात त्याने ऐकलं की तुझा निकाल लागला, तू नाश पावलास. देवाने आपल्याला टाकलं ही खात्री त्यानंतर कधी पुसली गेली नाही. उपासनेला जाणं सुटलं. न्यूटनने त्याला वर्षभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

धर्मानेच त्याला वेड लावलं, असं म्हणणारे पुष्कळ. पण आधीचा मोठा झटका १७६३ चा, नोकरीच्या तोंडी परीक्षेच्या धास्तीने आलेला. तेव्हा त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. बायबलने त्याला धरलं ते त्यानंतर, सेंट ऑल्बन्सला डॉ. कॉटन यांच्या मनोरुग्णालयात, आणि काही वर्षं तो खरोखर सुखात होता. ‘तुमची प्रार्थना कमी पडते’ असं सांगणाऱ्या आपल्याकडच्या भल्या माणसांना या घरात आणून बसवावंसं वाटलं.

१७७४ मध्ये कुणीतरी त्याला रानसशाचं पिल्लू दिलं. मग इतके ससे येऊ लागले की त्याने तीनच ठेवले: पस, टायनी आणि बेस. नावं बायकी, ससे तिन्ही नर! त्यांची खुराडी त्याने स्वतः ठोकून बनवली. सुतारकी, बागकाम, मग कविता. ‘कशावर लिहू?’ म्हटल्यावर त्याची मैत्रीण लेडी ऑस्टेन म्हणाल्या, या सोफ्यावर लिहा. त्यातून १७८५ साली सहा भागांचं दीर्घकाव्य छापून आलं.

बागेतली त्याची लिहायची खोली एवढीशी आहे, की टेबल-खुर्ची ठेवली की माणसाला वळायला जागा नाही. भिंतींवर जुन्या पाहुण्यांनी खरडलेली नावं. वारशाची नासधूस आपणच करतो हा माझा समज तिथे गळून पडला.

त्याची शेवटची मोठी कविता १७९९ ची, नॉरफकमधली. वादळात जहाजावरून पडलेला खलाशी पोहत राहतो, सोबती वाचवू शकत नाहीत, आणि कवी म्हणतो, मी याहून खोल बुडालो. पुढच्या एप्रिलमध्ये तो गेला. कवितेत वृत्त मात्र कुठेही मोडलेलं नाही.