तुम्ही विचारलंत म्हणून: तो पोचा

माझ्या कपाटात मी केलेलं कागदाचं विमान आहे. उडतं का, करायला किती दिवस लागले, हे सगळे विचारतात. उडत नाही. चार महिने लागले. पण कपाटाच्या काचेजवळ वाकून जो कोणी नीट बघतो, तो हमखास विचारतो, "उजव्या पंखाला पोचा आहे, तो काढत का नाही?" गेली कितीतरी वर्षं मी "राहून गेलं" म्हणते. ते खरं नाही.

हे स्पिटफायर आहे, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, त्याचा सहावा मार्क, म्हणजे सहावा प्रकार. उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठायला काढलेला. नेहमीच्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच, याचा ४० फूट २ इंच, टोकं लांब आणि निमुळती. ३३ पटींनी लहान केल्यावर माझ्याकडे ते साधारण ३७ सेंटिमीटर भरतं. आत हवेचा दाब राखायचा म्हणून वैमानिकाच्या डोक्यावरचं झाकण उड्डाणाआधी बाहेरून बसवायचे, वर गेल्यावर ते सरकवून उघडता येत नसे. हा मार्क वापरणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या मोजक्या स्क्वाड्रनांमध्ये, म्हणजे तुकड्यांमध्ये, १२४वी होती, आणि तिचं नाव होतं बडोदा. आपल्या संस्थानानं पैसे दिले म्हणून. माझ्या विमानाच्या अंगावर ओ-एन ही तिचीच अक्षरं आहेत. चिन्ह मुंगसाचं. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की दुसरं कुठलंही विमान करायचं मनातही आलं नाही.

प्लॅस्टिकचं का नाही, असंही विचारता. प्लॅस्टिकचा पंख डब्यातून पंख होऊनच येतो. कागद एका दिशेनं वाकतो, दोन दिशांनी एकदम वाकत नाही, आणि स्पिटफायरचा पंख तर सगळीकडून गोल. सुकलेल्या रिफिलीनं घडीची रेघ दाबायची, तळहातावर कागद ठेवून विणायच्या सुईनं हळूहळू गोलाई आणायची, टोकाशी बारीक चिरा देऊन त्या एकीखाली एक सारायच्या. फेविकॉल जरा जास्त झाला की कागद फुगलाच. कापलेल्या कडेची पांढरी रेघ जलरंगानं झाकायची. पावसाळ्यात मी हात लावत नाही, बडोद्याच्या हवेत कागद पापडासारखा सादळतो. त्या एका पंखाला माझे अठरा दिवस गेले.

२०१६च्या गणपतीत मी ते आरासीत ठेवलं. दांडिया बाजारातलं आमचं घर, येणारंजाणारं पुष्कळ, आणि मी प्रत्येकाला सांगत होते, हे आपलं विमान, बडोद्याचं. आत्या तेव्हा ८६ वर्षांची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या सालचं गं?"

"बेचाळीसचं."

"बेचाळीसचं," ती म्हणाली. मग थांबून, "अण्णा कॉलेजात होता तेव्हा."

अण्णाकाकांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ऑगस्ट १९४२मध्ये, चले जाव चळवळीत, आणंदजवळच्या अडास स्टेशनावर बडोद्याहून गेलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पोरं मेली. अण्णाकाका त्यांच्यात नव्हते, पण घरी ते कळायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आजीनं चूल पेटवली नव्हती. त्याच महिन्यात ही बडोदा स्क्वाड्रन फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएपला लढत होती. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. मी त्या कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

"मग हे गणपतीपुढं कशाला?" आत्या म्हणाली.

मी पाहुण्यांसमोर म्हटलं, "आत्या, ते हिटलरशी लढत होते."

"आणि आमच्याशी कोण लढत होतं?"

मी गप्प बसायला हवं होतं. मी सांगायला लागले, वैमानिक विशीतली पोरं होती, त्यांनी अडासला बंदूक धरली नव्हती, पैसे महाराजांनी दिले, त्यात त्या पोरांचा काय दोष. सगळं खरं होतं, आजही खरं आहे. आत्यानं उत्तर दिलं नाही. तिनं दोन्ही हातांनी विमान उचललं. मी ओरडले, "हात लावू नकोस!"

ती दचकली आणि अंगठा पंखात गेला. कागद दबल्याचा आवाज फार बारीक असतो, मला ऐकू आला. तिनं विमान परत पाटावर ठेवलं आणि म्हणाली, "बडोदा कुठं लिहिलंय ते बघत होते गं." लिहिलेलं नाहीच कुठं. नाव स्क्वाड्रनचं, विमानावर मी फक्त ओ-एन काढलं होतं.

तिनं प्रसाद घेतला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि भावाच्या मुलाबरोबर रिक्षानं घरी गेली. त्यानंतर दोन वर्षं ती होती. आम्ही दिवाळीला भेटलो, लग्नांत भेटलो, लोणच्याच्या बरण्या इकडून तिकडे गेल्या. विमानाचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. मी काढायला हवा होता, कारण ओरडले मी होते.

त्यावेळची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू चुकीचं काय बोललीस? मी म्हणते, चुकीचं नाही, पण कोणाला बोललीस? ती म्हणते, मग विमान करायलाच नको होतं का? इथं मी अडते. कारण मला ते विमान आजही देखणं वाटतं, आणि त्या बंद झाकणाखाली बसलेल्या पोरांची काळजी वाटते, आणि अण्णाकाकांचीही वाटते. आरासीत मात्र ते पुन्हा ठेवलं नाही.

पोचा काढणं अवघड नाही. दबलेला तंतू पूर्ववत होत नाही, म्हणून पंखाचं वरचं पान सोडवून नवं चढवायचं, एवढंच. उजव्या पंखाचं जादा पान माझ्याकडे आहे, खणात, वहीच्या पुठ्ठ्याखाली सपाट ठेवलेलं. मागच्या दसऱ्यानंतर ते मी काढलंही होतं. रिफिलीनं घडीची रेघ दाबली, पुढची कड सुईवर अर्धी वळवली, आणि परत पुठ्ठ्याखाली सरकवून दिलं.