बार्टन्सव्हिलचा छपराचा पूल

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला १०३ क्रमांकाचा रस्ता सोडून बार्टन्सव्हिलकडे वळलो आणि विल्यम्स नदीवरचा छपराचा लाकडी पूल समोर आला. गाडी पुलाच्या अलीकडेच लावली आणि चालत आत शिरलो. असा पूल गाडीतून पाहून भागत नाही.

दोन्ही बाजूंना तिरप्या फळ्यांची उंच जाळी आहे. फळ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे लाकडी खुंट्या ठोकलेल्या. वरून जाणाऱ्या गाड्यांचा भार ही जाळीच पेलते. इथिएल टाउन या वास्तुविशारदाने १८२० मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. मला ती फार आवडते, कारण तिला अजस्र तुळया लागत नाहीत की अवघड सांधे. एकाच मापाच्या कापलेल्या फळ्या, गिरमिट आणि खुंट्या असल्या की गावातल्या सुतारांना एवढा मोठा पूल उभा करता येई.

छप्पर आहे ते या जाळीसाठी, वाटसरूंसाठी नव्हे. पावसाचं पाणी सांध्यांत मुरलं की लाकूड कुजतं. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत निकामी होतो, झाकलेला शंभरी ओलांडतो. हिवाळ्यात मात्र या छपरामुळे एक वेगळंच काम वाढे: घोड्यांच्या घसरगाड्या नीट सरकाव्यात म्हणून बाहेरचा बर्फ आणून पुलाच्या जमिनीवर पसरावा लागे!

इथला मूळ पूल सॅनफर्ड ग्रेंजर यांनी १८७० मध्ये बांधला, १५१ फूट लांबीचा. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात तो गेला. त्या वेळचं चित्रीकरण मी पूर्वी पाहिलं होतं. पूल क्षणात कोसळतो आणि पाणी त्याला ओढून नेतं. पुलाच्या मध्यावर उभं राहून खालचा उथळ प्रवाह पाहताना ते खरं वाटेना.

काँक्रीटचा साधा पूल टाकून मोकळं होता आलं असतं. गावाने तसं केलं नाही. पुन्हा लाकूडच, पुन्हा तीच टाउनची जाळी. जानेवारी २०१३ मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला. ही नुसती नक्कल आहे, असं कोणी म्हटलं तर मला ते अजिबात पटणार नाही. मी तिथे असताना गाड्या पुलावरून ये-जा करत होत्या. कामात असलेल्या पुलाची देखभाल होत राहते, आणि तो बांधायची विद्या सुतारांच्या हातात राहते. फक्त जुनं लाकूड जपून ही विद्या टिकली नसती.

याच रॉकिंगहॅम परिसरात ग्रेंजर यांचे आणखी दोन पूल होते. सॅक्स्टन्स नदीवरचा हॉल पूल १९८० मध्ये मोडला आणि १९८२ मध्ये मिल्टन ग्रेटन यांनी तो पुन्हा उभारला. वॉरल पूल मात्र १८६८ च्या सुमाराचा, मूळचाच. तो विल्यम्स नदीवरच आहे. ग्रेंजर यांचं काम पाहायचं तर आधी तिथे जा, मग बार्टन्सव्हिलला या. जाळी तीच असल्याचं लगेच ओळखू येतं.

अशा पुलांच्या तोंडाशी वजनमर्यादेची पाटी असते. मोठी गाडी घेऊन फिरणार असाल तर ती वाचूनच आत शिरा. हॉल पूल पुरात गेला नव्हता, प्रमाणाबाहेर माल भरलेल्या एका ट्रकखाली मोडला होता.