काझबेगीला गेलो डोंगर बघायला, बघितली लार्सची रांग

दुबईत राहणाऱ्या आपल्या लोकांना रशियाला लागून असलेला जॉर्जिया म्हणजे लाँग वीकेंडचं ठिकाण, यूएईचा रेसिडेन्स असेल तर भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागत नाही. आमची तिकिटं सप्टेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्याची, आणि २१ तारखेला पुतिनने युक्रेन युद्धासाठी ३ लाख राखीव लोकांची सैन्यभरती जाहीर केली. बायको म्हणाली आपला काय संबंध. संबंध राजधानी तिबिलिसीत उतरल्यावर कळला, बुक केलेला फ्लॅट मालकाने आदल्या दिवशी कॅन्सल करून दुसऱ्याला महिन्याच्या भाड्याने दिलेला! शेवटी हॉस्टेल मिळालं, सहा बेडच्या खोलीत आम्ही दोघं आणि भरतीपासून पळून आलेली चार रशियन पोरं.

दीदुबे स्टँडवरून काझबेगी या डोंगरातल्या गावाची मार्शरुत्का (आपली वडाप समजा) पकडली, साधारण १५० किमी, तीन तास. अनानुरी, गुडौरी, मग ज्वारी खिंड, रस्ता मस्त. पण समोरून येणाऱ्या गाड्या बघता बघता लक्षात आलं की नंबरप्लेटी सगळ्या रशियन आहेत, मागच्या सीटवर मांजरं, टपावर गाद्या. काझबेगीपासून लार्सची रशिया-जॉर्जिया बॉर्डर १०-१२ किमी, तिथे पलीकडे रशियाच्या बाजूला कितीतरी किलोमीटर रांग लागलेली. पायी क्रॉस करता येत नव्हतं म्हणून लोकांनी सायकली विकत घेतल्या, वाट्टेल त्या भावात, आणि इकडे आल्यावर तिथेच टाकून दिल्या. काही दिवसांनी रशियाने तिथेच भरतीचं टेबल लावलं, म्हणजे पळणाऱ्याच्या हातात समन्स.

हॉस्टेलातला एक जण आयटीवाला, दोन दिवस रांगेत काढून आलेला, त्याच्याशी गप्पा मारताना कागदपत्रांचा सगळा प्रकार समजला. रशियन माणसाला जॉर्जियात व्हिसाशिवाय एक वर्ष राहता येतं, पण त्याला परदेशी जायचा पासपोर्ट लागतो. तो नसेल तर देशातल्या ओळखपत्रावर बेलारूस, आर्मेनिया, कझाकस्तान, किरगिझस्तान असे मोजकेच देश. कझाकस्तानात तर पहिल्या दोन आठवड्यांतच २ लाखांवर लोक शिरले. वर्ष संपत आलं की आर्मेनियात जाऊन शिक्का मारून परत यायचं, यालाच ते व्हिसारन म्हणतात. छोटा धंदा नोंदवला तर उलाढालीवर १ टक्का टॅक्स, पण त्याने रेसिडेन्स आपोआप मिळत नाही, इथे भलेभले फसतात! नागरिकत्व म्हणाल तर जॉर्जियात १० वर्षं सलग राहायचं, आर्मेनियात ३.

तो आधी दोन हिवाळे गोव्यात मोरजिमला राहिलेला, मला विचारतो भारताचा पासपोर्ट किती वर्षांत? मी मोबाईलवर बघून सांगितलं, १२ वर्षं, आणि टुरिस्ट व्हिसावरचे हिवाळे जोडून काही होत नाही. हसला आणि म्हणाला मग फेणीच बरी.

माझं मत विचाराल तर पळाला म्हणून मी कुणाला भित्रा म्हणणार नाही. पण तिबिलिसीतल्या भिंतींवर ‘रशियन्स गो होम’ लिहिलेलंही बघितलं, २००८ मध्ये रशियाच्याच रणगाड्यांनी जॉर्जियाचा मुलूख घेतलाय आणि वर तेव्हा भाडी या रशियनांमुळे चढलेली, तो रागही कळतो.

आता जाणाऱ्यांसाठी. एमिरेट्स आयडी, हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट आणि इन्शुरन्स कागदावर प्रिंट करून न्या, इमिग्रेशनवाला मोबाईल बघेलच असं नाही, आम्हाला अर्धा तास बाजूला बसवलं होतं. मुक्काम फ्री कॅन्सलेशनवाला घ्या पण एक बॅकअप ठेवाच. टॅक्सी ॲपवरूनच, विमानतळाबाहेर उभे असतात ते काहीही मागतात. काझबेगीच्या वरच्या गेर्गेती चर्चला सकाळी लवकर चढा, दुपारी ढग येऊन काझबेक शिखर दिसत नाही. आणि परतीची मार्शरुत्का संध्याकाळी सहानंतर मिळेल असं धरूच नका, आम्ही चुकवली आणि मग रशियन नंबरप्लेटच्या एका गाडीत, मांजराच्या पिंजऱ्याशेजारी बसून तिबिलिसीला आलो.